‘घेजो’चे व्याकरण : वऱ्हाडातील परिचारिकेच्या सांगण्याचा इतिहास

काही वर्षांपूर्वी माझी आई अकोल्यातील एका रुग्णालयात आठवडाभर होती. मधुमेह जुना, त्यात पायाच्या अंगठ्याला झालेली जखम. सुटी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर भराभर औषधे लिहून दिली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. आईने कागद हातात धरून मला विचारले, ‘‘हे एक-शून्य-एक काय असते?’’ मराठीचा प्राध्यापक असलेला मी क्षणभर गोंधळलो. सलाईनची बाटली उतरवत असलेल्या सिस्टरने ते ऐकले. ती खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, ‘‘आजी, हे पांढरी गोयी सकाळी नाश्त्याच्या आंधी घेजा, अन् रातच्याले जेवनाच्या आंधी. मंधात शून्य हाये ना, म्हंजे दुपारी काहीच नाही. अन् रोज रातच्याले पायाचे तयवे पाहजा. दुखत नाही म्हनून सोडू नोका.’’ नंतर ती म्हणाली, ‘‘आता तुमी मले सांगा.’’ आईने सांगितले. एक चूक झाली, ती तिने सुधारली. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नसतील. आईने पुढे अनेक वर्षे तळपाय पाहण्याचा नेम सोडला नाही; वाकणे जमेनासे झाले तेव्हा ती आरसा घेऊन बसू लागली.

त्या पाच मिनिटांतील एक भाषिक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. सिस्टर ‘घ्या’ म्हणाली नाही, ‘घेजा’ म्हणाली. वऱ्हाडीत ‘घे’ आणि ‘घेजो’ ही दोन्ही आज्ञार्थी रूपे आहेत, परंतु त्यांचा अर्थ एक नाही. ‘घे’ म्हणजे आत्ता, माझ्यासमोर. ‘घेजो’ म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा, बहुधा मी तिथे नसताना. ‘येजो’, ‘करजो’, ‘सांगजो’. आदरार्थी ‘येजा’, ‘करजा’, ‘सांगजा’. गुजरातीतील ‘आवजो’ हे याचेच भावंड. प्रमाण मराठीने हे रूप राखले नाही. ती हा अर्थ ‘घेत जा’, ‘घ्याल’ अशा वळणांनी भागवते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने वऱ्हाडी बोलीला ललित गद्यात मानाचे स्थान मिळवून दिले, हे आपण वर्गात शिकवतो. पण या बोलीतले एक क्रियारूप रुग्णालयाच्या खाटेपाशी काय काम करते, इकडे आपले लक्ष गेलेले नाही. रुग्णशिक्षण ज्याला म्हणतात ते सारे या ‘जो’त सामावले आहे. डॉक्टर आणि औषध रुग्णालयात राहतात, रुग्ण घरी जातो. त्यानंतर त्याच्यासोबत जे जाते ते केवळ कुणीतरी सांगितलेले वाक्य असते. वऱ्हाडात हे वाक्य सांगणाऱ्या स्त्रीचा इतिहास काय, असा प्रश्न मला पडला. प्रस्तुत लेख म्हणजे त्याचा एक धांडोळा.

या इतिहासाची पहिली पाने इमारतींच्या नावांत आहेत. अमरावतीकर आजही जिल्हा स्त्री रुग्णालयाला ‘डफरीन’ म्हणतात आणि सामान्य रुग्णालयाला ‘इर्विन’. अकोल्यात स्त्री रुग्णालयाचे नाव ‘लेडी हार्डिंग’. आयर्विन १९२६ ते १९३१ या काळात व्हाइसरॉय होते. डफरीन आणि हार्डिंग या नावांमागे व्हाइसरॉयांच्या पत्नी आहेत. लेडी डफरीन यांनी १८८५ साली व्हिक्टोरिया राणीच्या इच्छेवरून हिंदुस्थानातील स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी एक निधी उभारला. त्याचे तीन उद्देश होते : स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणे, स्त्रियांसाठी दवाखाने उघडणे, आणि प्रशिक्षित परिचारिका व सुइणी पुरविणे. तिसरा उद्देश लक्षात घेण्याजोगा आहे. परपुरुषाला नाडीही न दाखवणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचायचे तर केवळ इमारत पुरणार नाही, माजघरात जाऊन बोलणारी दुसरी स्त्री लागेल, हे त्या काळच्या सरकारी बुद्धीलाही उमगले होते. मात्र स्मरणात राहिली ती इमारत. निधीला नाव देणारी बाई आमच्या रिक्षावाल्यांच्याही तोंडी आहे. माजघरात जाऊन बोलणारीचे नाव कुणालाच सांगता येणार नाही.

पुढे १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. (नेमक्या त्याच वर्षी, निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला वऱ्हाड प्रशासनासाठी मध्य प्रांताला जोडला गेला.) या प्रशिक्षणामागची भूमिका अशी, की गावची दाई अडाणी आणि अस्वच्छ आहे, म्हणून तिला शिकवले पाहिजे. यात तथ्य नव्हते असे नाही. विळ्याने वा मिळेल त्या पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने मुले दगावत. परंतु दाई बहुधा ज्या जातींतून येई त्यांच्याकडे पाहण्याची उच्चवर्णीय नजर आणि साहेबाची नजर इथे एकमेकींत मिसळल्या. बाळंतिणीचा विटाळ ही आपली सामाजिक कल्पना. तो स्वतःच्या अंगावर घेणारी बाई मात्र अस्वच्छ ठरली. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला आधी दोषी ठरवले की शिक्षण पुढे सरकत नाही, हे आपणा शिक्षकांना निराळे सांगायला नको.

मग परिचारिका व्हायचे कुणी? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली परिचर्येचे शिक्षण घेण्यास आलेल्या काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केले आणि तिथल्या मुली व विधवा पुढे ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे, रात्रपाळीचे, मलमूत्र उचलण्याचे काम सभ्य घरच्या बाईने करावे काय, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता. वऱ्हाडात हे काम दीर्घकाळ मिशनऱ्यांच्या आश्रयाने वाढले. यवतमाळ जिल्ह्यातील उमरीचे मिशन रुग्णालय हे त्याचे परिचित उदाहरण. ‘सिस्टर’ हा शब्द आपल्याकडे त्याच परंपरेतून आला, पण आला तो ख्रिस्ती जोगिणीचा अर्थ मागे टाकून. आज खेड्यातली म्हातारी ‘शिष्टर’ म्हणते तेव्हा तिला त्यात धर्म ऐकू येत नाही. ‘परिचारिका’ हा शब्द शासकीय आदेशांत राहिला. गावाने तिला ‘नर्सबाई’ म्हटले, आणि ‘बाई’ हे आपल्याकडे शिक्षिकेचेही संबोधन आहे.

शिकवण्याचा विचार केला, की या भूमीची स्वतःची एक परंपरा समोर येते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगे महाराज दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने. त्यांच्या कीर्तनाची रीत प्रश्नोत्तरांची होती. ते श्रोत्यांना विचारत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि अखेर निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. भाषा ठेठ वऱ्हाडी. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. म्हणजे आरोग्यशिक्षण ही वऱ्हाडात परदेशातून आयात झालेली कल्पना नव्हती. तिकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलही उतारवयात हिंदुस्थानी खेड्यांच्या स्वच्छतेच्या प्रश्नाकडे वळली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता आणि खेड्यात आरोग्य पोहोचवायचे तर माणसांशी समोरासमोर बोलले पाहिजे, असे तिचे मत होते. लंडनमधल्या त्या बाईची आणि शेंडगावच्या या बाबांची भेट होणे शक्य नव्हते. तरी ऐकणाऱ्याला बोलते केल्याशिवाय त्याला काही शिकवता येत नाही, या एका मुद्द्यावर दोघे जवळ येतात. ‘‘आता तुमी मले सांगा’’ म्हणणाऱ्या त्या सिस्टरला परिचर्येच्या अभ्यासक्रमात ही पद्धत शिकवली असेलही, पण तिच्या बोलण्याचा ठेका मला कीर्तनातला वाटला.

या शिकवण्याची खरी कसोटी लागते ती दुखत नाही अशा रोगात. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली ‘तपोवन’ उभारले. विदर्भ महारोगी सेवा मंडळाची ही वसाहत रुग्णांच्याच श्रमांवर वाढली, हे तिचे वैशिष्ट्य सर्वांना ठाऊक आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होतात, त्वचेची संवेदना जाते. तव्याचा चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालतच राहतो. बोटे झडतात ती थेट जंतूमुळे नव्हे. न कळलेल्या जखमा चिघळत जातात, त्यामुळे. म्हणून रोगाचे औषध एक आणि रुग्णाला द्यायचे शिक्षण दुसरे. दररोज हातपाय डोळ्यांनी तपासायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, योग्य पादत्राण वापरायचे आणि गरम भांडे फडक्याने धरायचे. जे काम वेदना करत होती ते आता डोळ्यांना करायला शिकवायचे. हे एकदा सांगून भागत नाही. मलमपट्टी करणाऱ्या हातांना ते रोज सांगावे लागते. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि जंतू मरू लागले. पण गेलेली संवेदना त्या गोळ्यांनी परत येत नाही, त्यामुळे सांगण्याची गरज संपली नाही. माझ्या आईला तळपाय पाहायला सांगणारी सिस्टर मधुमेहाबद्दल बोलत होती, तरी त्या वाक्याच्या मागे मलमपट्टीच्या खोल्यांतला हा सारा अनुभव उभा होता असे मला आज वाटते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे चित्र त्यात होते. डॉक्टरांहून परिचारिका कितीतरी कमी, हे उलटे प्रमाणच पुष्कळ काही सांगून जाते. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, उपकेंद्रे आली आणि साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, अर्थात गावाची ‘एएनएम’ नर्सबाई, पायी, एसटीने किंवा मोपेडवर वस्त्या पालथ्या घालू लागली. मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असे शासकीय प्रमाण. या बाईने मराठीला काय दिले, याची नोंद आपल्या कोशकारांनी घ्यायला हवी. गर्भनिरोधक ‘कॉपर-टी’ला घराघरांत ‘तांबी’ म्हटले जाऊ लागले. जुलाबावर द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हे नाव मिळाले. कचदेवयानीची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या नावाचे औचित्य समजेल. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन अपुरे पडू लागल्यावर हेच पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले आणि पटकीचे मृत्यू ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. ज्ञान नातेवाइकाच्या हाती दिले तर तेच औषध होते, याचा याहून ठळक पुरावा नाही.

पहिल्या दुधाची गोष्टही अशीच. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध बाळाला न पाजता पिळून टाकण्याची रीत पुष्कळ घरांत होती. तिच्या विरोधात नर्सबाईने प्रतिकारशक्तीवर व्याख्यान दिले नाही. ‘‘गाय याली का वासराले चीक पाजता ना? मंग आपल्या लेकराले काऊन नाही?’’ असा प्रश्न तिने सासूला विचारला. शेतकऱ्याच्या घरात या प्रश्नाला उत्तर नसते. दृष्टान्त ऐकणाऱ्याच्या अनुभवातून उचलायचा असतो, हे आपण अलंकारशास्त्रात शिकवतो. ती ते ओसरीवर करून दाखवत होती.

मात्र या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती लपवून हा लेख पुरा होणार नाही. आणीबाणीच्या काळात नर्सबाईचे सांगणे उद्दिष्टांच्या आकड्यांना जुंपले गेले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणी संपली तरी कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे १९९६ पर्यंत राहिली. ‘केस आणा’ असा वरून आदेश असला की ‘घेजो’ उरत नाही, ‘चल’ सुरू होते. जी बाई लस टोचायला येई तीच ऑपरेशनला माणसे शोधू लागली, आणि तिला पाहून दारे बंद झाली. शिक्षण आणि सक्ती एकाच तोंडातून आली तर ऐकणारा दोन्ही नाकारतो. या अविश्वासाची किंमत लसीकरणाला आणि बाळंतपणाच्या तपासणीला पुढे कित्येक वर्षे मोजावी लागली, असे मला वाटते.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटात हा प्रश्न आणखी एका वळणावर येतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. अकोला-अमरावतीहून बदली होऊन गेलेल्या नर्सबाईची वऱ्हाडीही तिथे परकी ठरते. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी देशभर गाजली, न्यायालयात याचिका झाल्या, मंत्र्यांचे दौरे झाले. बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देण्याच्या ‘डंभा’ प्रथेची चर्चा झाली आणि भूमकाला, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्याला, दोषी ठरवून शहर मोकळे झाले. वऱ्हाडच्या दाईचे शंभर वर्षांपूर्वी जे झाले तेच पुन्हा घडले. बदल झाला तो वेगळ्या वाटेने. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला राहिले, डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. २००५ नंतर ‘आशा’ कार्यकर्ती आली, जी कोरकू घरातलीच होती. आणि पुढे आरोग्य यंत्रणेने भूमकालाही रुग्ण दवाखान्यात पाठवण्याच्या कामात सहभागी करून घेतले. डॉक्टर, परिचारिका, आशा, दाई आणि भूमका अशी साखळी जोडली जाते तेव्हा तिला ‘आरोग्य-संघ’ म्हणता येते. या साखळीत नर्सबाईची जागा दुभाष्याची आहे. एका बाजूला डॉक्टरांचे प्रमाण शब्द, दुसऱ्या बाजूला आशाची कोरकू. मधला अर्थ सांडू नये ही तिची जबाबदारी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल महाराष्ट्रात प्रथम लागली त्या जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला होते; अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांत कक्षात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. पोटावर झोपायचे कसे, प्राणवायूचा आकडा वाचायचा कसा, घरी गेल्यावर कुठल्या लक्षणाला घाबरायचे आणि कुठल्या नाही, हे रुग्णाला सांगणारे माणूस बहुधा एकच होते. तेही झगा आणि मुखपट्टीआड, चेहरा न दिसणारे. तेव्हा तिच्यापाशी सांगण्यासाठी केवळ आवाज उरला होता. टाळ्या वाजवून आणि थाळ्या बडवून आपण तिचा गौरव केला होता त्याला तेव्हा वर्ष होत आले होते. कक्षातील खाटांच्या मानाने परिचारिका किती असाव्यात, हा प्रश्न मात्र तेव्हाही टाळ्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आला नाही.

कारण सांगायला वेळ लागतो. एका परिचारिकेकडे दहा खाटा असतील तर ती खाटेच्या कडेला टेकू शकते. चाळीस असतील तर ती केवळ सुई टोचून पुढे जाते. रुग्णालयाच्या नोंदवहीत इंजेक्शनसाठी रकाना असतो, तापमानासाठी असतो, सांगण्यासाठी नसतो किंवा असलाच तर तिथे ‘समुपदेशन केले’ एवढे दोन शब्द पडतात. ज्याला रकाना नाही त्याला वेळ मंजूर होत नाही आणि ज्याला वेळ नाही ते काम पुढे कामच समजले जात नाही. डॉक्टरांच्या फेरीत सिस्टर मागे फाईल घेऊन उभी असते. रुग्णाला घरी चूल आहे की गॅस, गोळ्या कोण देणार, त्याला वाचता येते की नाही, हे तिला माहीत असते. पण फेरीत हे तिला विचारण्याची पद्धत अजून रुजलेली नाही.

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठीच्या अभ्यासकांना परके नाही. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरांचे बोल ज्यांनी ज्यांनी ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी एकेक लीळा टिपली. मराठी गद्याचा आरंभ असा ऐकलेल्या बोलण्याच्या नोंदीतून झाला, आणि तो आमच्या जिल्ह्यात झाला. गेल्या शतकभरात याच जिल्ह्यात हजारो स्त्रियांनी खाटेपाशी, ओसरीवर, अंगणवाडीत जे सांगितले आणि ज्यामुळे माणसे जगली, ते कुणी टिपले नाही. निवृत्त झालेल्या कितीतरी नर्सबाई आज अकोला-अमरावतीच्या वसाहतींत राहतात. मोपेड विकून टाकलेल्या, गुडघे दुखणाऱ्या, नातवंडांत रमलेल्या. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना बोलीच्या अभ्यासासाठी आपण गावोगाव पाठवतो आणि ते लग्नाची गाणी, म्हणी, उखाणे गोळा करून आणतात. त्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायला हरकत नसावी : नर्सबाई, तुमी लोकायले काय सांगत होत्या, अन् कसं सांगत होत्या?

आई आता नाही. तिचा आरसा माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या सिस्टरचे नाव विचारायचे मला तेव्हा सुचले नाही.